किती वाजता नेलं, ते आधी लिहून घ्या

मराठवाड्यातल्या एका तालुका कोर्टात दोन वर्षांपासून वकिली करणाऱ्या तरुणाने विचारलं आहे: कोठडीतली मारहाण, बेकायदा अटक, बनावट चकमक अशी पोलिसांविरुद्धची प्रकरणं घ्यायची आहेत, तर सुरुवात कशी करू? पोलिसांशी वाकडं घेऊन तालुक्यात पोट भरतं का? आणि एवढं करून काही बदलतं का, की आपण नुसत्या तारखा घेत राहतो?

मी चोवीस वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूला काम करते. पोलिसांविरुद्ध उभी राहिले आहे, तशी पोलिसांच्या बाजूनेही उभी राहिले आहे. ते कसं, ते शेवटी येईल.

तुमच्यासारखे तरुण वकील माझ्याकडे येतात तेव्हा डी. के. बसू, ललिता कुमारी, अर्नेश कुमार हे अटक आणि एफआयआरबद्दलचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्यांना तोंडपाठ असतात. असावेतच. पण या कामात कायद्याचा तुटवडा कधीच नव्हता, तुटवडा असतो तो वेळ घातलेल्या कागदाचा. रात्री साडेदहाला फोन येतो, "मॅडम, भावाला उचललंय." अशा वेळी मी पहिल्यांदा विचारते, किती वाजता? मग कुठून, कोणत्या गाडीतून, वर्दीत होते की साध्या कपड्यात, कोणी पाहिलं, जवळ कुठल्या दुकानाचा कॅमेरा आहे का. "कशासाठी नेलं?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी. त्याचं उत्तर पोलीस देणारच असतात आणि ते त्यांच्या सोयीचंच असतं. नेल्याची खरी वेळ मात्र तुम्ही कागदावर आणली नाही, तर ती कुठेच राहत नाही. दुपारी दोनला नेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला 'अटक' होतो आणि मधले एकवीस तास कोणाच्याच दप्तरात नसतात. जे व्हायचं ते त्याच तासांत होतं.

यावरचं सगळ्यात बोलकं उदाहरण मुंबईचं आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी दुपारी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला त्याच्या एका मित्रासह वाशीतून काही लोकांनी गाडीत घालून नेलं. त्याचा भाऊ रामप्रसाद गुप्ता वकील होता. बातमी कळताच तो ठाण्यात जाऊन भांडत बसला नाही. त्याने आणि घरच्यांनी त्याच दिवशी, संध्याकाळ सरायच्या आत, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स केले. आशय एवढाच, की माझ्या भावाला उचललं आहे आणि त्याच्या जिवाला धोका आहे. त्यानंतर, रात्री आठच्या सुमाराला, वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ 'चकमकीत एक गुंड ठार' झाला. पोलिसांची गोष्ट अशी, की खबर मिळाली, सापळा लावला, शरण यायला सांगितलं, त्याने गोळी झाडली, आम्ही स्वसंरक्षणार्थ झाडल्या. आता त्या तारा आणि ते फॅक्स या गोष्टीशेजारी ठेवून बघा. जो माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी वर्सोव्याला आला असं तुम्ही म्हणता, त्याला तुम्हीच नेलं आहे हे त्याचा भाऊ काही तास आधी लेखी कसं सांगतो?

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. रामप्रसाद गुप्ता उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करवली, तिचा निष्कर्ष थंड डोक्याने केलेल्या खुनाचा निघाला. २००९ साली न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमलं गेलं. त्याच दिवशी वाशीतून नेलेला तो मित्र मुख्य साक्षीदार होता. मार्च २०११ मध्ये, साक्ष तोंडावर आली असताना तो बेपत्ता झाला आणि पुढे त्याचा मृतदेह सापडला. तरी खटला चालला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप सुनावली. (त्याच महिन्यात देशातली तार सेवा बंद झाली.) डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने यातल्या ११ पोलिसांची शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित केली. भाऊ पुन्हा उच्च न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये तो आदेश रद्द झाला. सत्र न्यायालयात निर्दोष सुटलेले माजी अधिकारी प्रदीप शर्मा यांना उच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी दोषी धरून जन्मठेप दिली, त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २००६ पासून मोजा. एका वकिलाने स्वतःच्या भावासाठी केलेलं हे काम आहे. तुम्ही ते अशिलासाठी करणार आहात, तेव्हा किती वर्षांची तयारी ठेवायची ते आजच ठरवा.

लखनभैयावर गुन्हे होते, हेही लक्षात घ्या. या कामात तुमचे अशील बरेचदा साधुसंत नसतात. कोणी मोबाईल चोरलेला असतो, कोणी खरोखर वाईट गुन्ह्यातला आरोपी असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा लोकांनी आनंद साजरा केला. तुमच्या घरातही असं बोलणारं कोणी असेल, माझ्या घरात होतं. त्या मृत्यूची तारीख २३ सप्टेंबर. बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या प्रकरणात चकमकींबाबत सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या, आणि त्याही मुंबईतल्याच चकमकींवरच्या याचिकेत. अशिलाच्या चारित्र्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. तो दोषी आहे की नाही हे ठरवायला कोर्ट आहे, एवढं एक वाक्य बोला आणि कामाला लागा.

आता तार नाही. मग त्या दिवशी रामप्रसाद गुप्तांनी जे केलं ते आज कसं करायचं? नातेवाइकाच्या फोनवरून ११२ ला कॉल करायला लावा, त्याची नोंद यंत्रणेत राहते. पोलीस अधीक्षक, नियंत्रण कक्ष आणि पोलीस महासंचालक कार्यालय यांना ईमेल करा. चार ओळी पुरे: नाव, वय, नेल्याची वेळ आणि जागा, नेणारे कोण वाटले, प्रकृतीची काही अडचण असेल तर तीही. विशेषणं नकोत. 'अमानुष', 'गुंडगिरी' असले शब्द पहिल्या अर्जात घालू नका, पुढे उलटतपासात तेच शब्द तुमच्या तोंडावर फेकले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंत तर पाठवा, पण त्यावर अवलंबून राहू नका, आणि तो फोन अशिलाला विकू देऊ नका. फोनमधला मजकूर पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल तेव्हा तोच फोन लागतो. माझ्या एका प्रकरणात बहिणीने फोन एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला होता. तिची काही चूक नव्हती, मीच तिला सांगितलं नव्हतं.

ठाण्यात जाल तेव्हा ठाणे अंमलदाराशी नीट बोला. आवाज चढवलात की दार बंद होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, पुढची कलमंही त्यातलीच. तिच्या कलम ३८ खाली चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, पूर्ण चौकशीभर नसला तरी. कलम ४८ खाली अटकेची माहिती नातेवाइकाला द्यायची असते. कलम ४७ खाली अटकेची कारणं सांगायची असतात, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र या निकालात, वरळीच्या अपघाताचं जे प्रकरण गाजलं त्यात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ही कारणं लेखी हवीत, आरोपीला कळणाऱ्या भाषेत हवीत आणि रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, हजर करण्याच्या किमान दोन तास आधी त्याच्या हातात हवीत. आपल्याकडे बंजारा तांड्यावरचा, पारधी वस्तीवरचा माणूस मराठी बोलतो, पण दप्तरी मराठी त्याला कळते का? हा मुद्दा तुम्ही रिमांडला मांडलाच पाहिजे. 'आत घेत नाहीत' असं झालं, तर बाहेर पायरीवर बसून वेळ घालून अर्ज लिहा आणि आवक शिक्का मागा. शिक्का देत नसतील तर तोच मजकूर तिथूनच ईमेल करा. माझा अनुभव असा, की ईमेल गेला हे कळल्यावर निम्म्या वेळा आतला माणूस 'दाखवला' जातो. हेबियस कॉर्पसचंही, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा अशा याचिकेचंही, तेच. खंडपीठात याचिका सुनावणीला लागेपर्यंत अटक कागदावर येते आणि याचिका निकाली निघते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, माणूस जिवंत दाखवला गेला.

रिमांडबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण बहुतेक प्रकरणं तिथेच हातची जातात.

तुम्ही पाहिलं असेलच. आरोपीला आणतात, न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" आरोपी मान हलवतो, नाही. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, ओळ पडते: पोलिसांच्या वागणुकीविरुद्ध तक्रार नाही. सगळं मिळून पंधरा सेकंद. त्या पंधरा सेकंदांत आरोपीच्या मागे, हाताच्या अंतरावर, त्याला आणणारा हवालदार उभा असतो आणि आरोपीला संध्याकाळी त्याच्याबरोबरच परत जायचं असतं. पुढे दोन वर्षांनी तुम्ही मारहाणीचा मुद्दा काढलात की सरकारी वकील तीच ओळ वाचून दाखवतात.

माझं पहिलं प्रकरण असंच जाणार होतं. एकोणीस वर्षांचा मुलगा, पाण्याच्या मोटारीच्या चोरीत धरलेला. जानेवारी महिना, कोर्टाची फरशी बर्फासारखी. मला वकीलपत्र मिळालं तेव्हा पुकारा व्हायला दहा मिनिटं होती आणि पोलिसांनी त्याच्याशी बोलू दिलं नव्हतं. तो आत आला तो चपला हातात घेऊन. मला वाटलं, कोर्टाचा आदर म्हणून काढल्या असतील, खेड्यातली माणसं तसं करतात. मग दिसलं, की तो टाचेवर चालतोय. न्यायाधीशांनी विचारलं, तक्रार आहे का, तो म्हणाला, "नाही साहेब." मी उभी राहिले आणि काय बोलायचं ते सुचेचना. शेवटी एवढंच म्हणाले, "सर, आरोपीला चपला पायात घालायला सांगावं." कोर्टात दोघं-तिघं हसले. न्यायाधीश वैतागले, पण सांगितलं, घाल बाबा चपला. तो वाकला. डावी चपल अर्ध्यात अडकली, उजवी गेलीच नाही. तळवे सुजून चपलेच्या अंगठ्याबाहेर आले होते. टायरच्या पट्ट्याचा मार, तळव्यावर. वरून फारसा वळ दिसत नाही आणि सूज चार दिवसांत उतरते.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. सगळ्यांना बाहेर काढून त्याला पुन्हा विचारलं. मग रोजनाम्यात आलं: आरोपीचे दोन्ही तळवे सुजलेले, पादत्राण घालता येत नाही, जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासणी करून अहवाल सादर करावा. आदल्या रात्रीच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यावर 'ताजी जखम नाही' असं लिहिलेलं होतं. शेवट काय झाला म्हणाल, तर फार काही नाही. खातेनिहाय चौकशी झाली, एकाची वेतनवाढ रोखली गेली, आणि मुलाच्या वडिलांनी वर्षभराने तक्रार मागे घेतली. गावात राहायचं होतं त्यांना. मी तेव्हा चिडले होते, आता चिडत नाही. पण त्या तीन ओळींमुळे त्याला पोलीस कोठडी मिळाली नाही, न्यायालयीन कोठडी मिळाली. त्या रात्री तो त्या ठाण्यात गेला नाही.

यातून शिकलेली गोष्ट: रिमांडला 'मारहाण झाली' असं नुसतं म्हणू नका, न्यायाधीशांच्या डोळ्यांना दिसेल असं काहीतरी दाखवा. शर्ट वर करायला सांगा, हात डोक्यावर न्यायला सांगा, उकिडवं बसायला सांगा. दिसलेलं रोजनाम्यात आलंच पाहिजे असा आग्रह धरा, नाही आलं तर त्याच दिवशी अर्ज द्या. आरोपीशी एकांतात बोलण्याची मागणी आधी करा. न्यायाधीशांनी तक्रार विचारायची आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क समजावून सांगायचा, ही काही मेहेरबानी नाही. १९८३ साली शीला बरसे विरुद्ध महाराष्ट्र या निकालातच ते आलं. बरसे वकील नव्हत्या, पत्रकार होत्या. मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी त्या बोलल्या, त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्यावरून स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला पोलिसांची नेमणूक, सत्र न्यायाधीशांच्या अचानक भेटी असे आदेश निघाले.

आणखी एक. नव्या संहितेच्या कलम १८७ खाली पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता सलग पहिल्या पंधरवड्यातच संपतात असं नाही, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. म्हणजे एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला, सुटलो असं समजू नका. पुन्हा पीसीआर (पोलीस कोठडी) मागितला तर मधल्या काळातला वैद्यकीय कागद तुमच्याकडे तयार हवा.

डॉक्टरांशी भांडू नका. ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी पंचवीस पेशंटच्या मधे पोलिसांनी आणलेला माणूस तपासतो आणि शेजारी वर्दी उभी असते. कलम ५३ चा अहवाल त्यानेच लिहायचा आणि प्रत आरोपीला किंवा आरोपी सांगेल त्या माणसाला द्यायची, हे बरेचदा त्यालाही माहीत नसतं. जखमेचा आकार, जागा आणि रंग लिहा, एवढीच विनंती करा. रंग महत्त्वाचा. लालसर मार ताजा, मग निळा-काळा, मग हिरवट, मग पिवळा. 'अटकेआधी गावकऱ्यांनी मारलं होतं' हा बचाव कायम येतो, आणि त्याला रंगाने उत्तर देता येतं.

सीसीटीव्हीचं बघा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं, की ठाण्याचं दार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्याची खोली, सगळीकडे आवाजासह कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष, जपायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली, यावरून परिस्थिती ओळखा. चित्रण 'मागू' नका, आधी 'जतन करा' असा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे करा, कॅमेरा क्रमांक आणि तारीख-वेळ घालून. महिनाभराने उत्तर येईल की डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, नादुरुस्त होता. येऊ द्या. मग दुरुस्तीची नोंद कुठे आहे, कंत्राटदाराला कळवल्याचं पत्र कुठे आहे, हे विचारायचं. बंद कॅमेऱ्याचाही कागद असतो, आणि तो नसला तर तेही पुराव्यात येतं. माहिती अधिकारात कलम ७ खाली, जीवित आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यावं लागतं. अर्जावर ते वाक्य लिहायला विसरू नका.

कोठडीत मृत्यू झाला तर वरचं सगळं दहापट वेगाने करावं लागतं. घरच्यांवर अंत्यविधीची घाई लादली जाते. त्यांना थांबवणं हे वकिलाच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. दारात माणसं जमलेली, आई बेशुद्ध, आणि तुम्ही म्हणताय, थांबा. तरी सांगावं लागतं. कलम १९६ खाली चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची आहे, महसुली अधिकाऱ्याने नाही. शवविच्छेदनाचं चित्रीकरण हवं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला चोवीस तासांत कळवणं १९९३ पासून बंधनकारक आहे. मृतदेह किती मोलाचा पुरावा असतो हे सांगलीने २०१७ साली दाखवलं. लुटीच्या गुन्ह्यात धरलेला तरुण पळून गेला असं घरच्यांना सांगितलं गेलं आणि जळालेला देह आंबोलीच्या घाटात मिळाला. आरोप खुद्द ठाण्यातल्या पोलिसांवर होते.

परभणीचं प्रकरण तुमच्या जवळचं आहे, त्यातला कायदा नीट वाचा. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर शहरात जाळपोळ झाली, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचाच विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अभिप्रायात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख आला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरीही एफआयआर नाही. त्याच्या आईच्या वतीने प्रकाश आंबेडकर वकील म्हणून औरंगाबाद खंडपीठात उभे राहिले. त्यांनी धरलेला मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो: कलम १९६ चा अहवाल आला, पुढे काय? कायदा तिथेच गप्प होतो. अहवाल कोणाकडे जातो, त्यावर कोणी काय करायचं, हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून वर्षानुवर्षं असे अहवाल कपाटात पडून राहतात. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. बदलापूरमध्येही दंडाधिकाऱ्यांनी पाच पोलिसांवर ठपका ठेवला होता. मृताच्या आई-वडिलांनी मधेच सांगितलं की आम्हाला हे पुढे चालवायचं नाही. उच्च न्यायालय थांबलं नाही, न्यायालयमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा वकील, नेमून सुनावणी चालू ठेवली. घरचे थकतात. त्यांच्यावर रागावायचं नाही, पण त्यांच्यावाचूनही फाईल उभी राहील इतके कागद तुमच्याकडे हवेत.

मग येते मंजुरी, म्हणजे पोलिसांवर खटला भरायला लागणारी सरकारची परवानगी. ख्वाजा युनूस, परभणीचाच, दुबईत नोकरी करणारा अभियंता, डिसेंबर २००२ च्या घाटकोपर स्फोटानंतर पकडलेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं, की औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप उलटली आणि तो पळाला. तो पुन्हा कोणालाच दिसला नाही. सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला, सरकारने खटल्याची परवानगी दिली फक्त चौघांविरुद्ध, आणि जून २०२० मध्ये ते चौघेही सेवेत परत घेतले गेले. त्याची आई वर्षानुवर्षं कोर्टात येत राहिली. नव्या संहितेच्या कलम २१८ मध्ये एक बरी गोष्ट आहे: १२० दिवसांत सरकारने निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं मानलं जाईल. पण कलम १७५(४) मध्ये लोकसेवकाविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवायची पायरी नव्याने घातली आहे. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं. १२० दिवस मोजायचे तर मंजुरीचा अर्ज पोचल्याची तारीख हवी. बघा, पुन्हा कागदावरच्या तारखेवरच आलो.

पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जायचं का, असं बरेच जण विचारतात. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सात आदेश दिले, त्यातला हा एक. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. जा, तक्रार करा, पण फौजदारी उपाय बाजूला ठेवून नको. राज्य मानवी हक्क आयोगाला एक वर्षाची मुदत आहे, ती चुकवू नका. भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयाचा नीलाबती बेहरा हा १९९३ चा निकाल, हाच आधार. भरपाई सरकारी तिजोरीतून जाते, मारणाऱ्याच्या पगारातून क्वचितच. तरी घ्यावी, त्या घरातला कमावता माणूस गेलेला असतो.

आता बदलतं का, हा प्रश्न. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने दोषी धरलेले दोन्ही पोलीस १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटले. खटला कायमचा हरला. दुसऱ्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांत वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही आपल्याकडची दोन नावं होती. त्या पत्रातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली, आणि तिने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने तसंच मानायचं, हे गृहीतक आलं. त्या मुलीला त्यातलं काहीच मिळालं नाही.

तसंच गृहीतक कोठडीतल्या जखमांसाठी हवं, असं विधी आयोगाने १९८५ मध्येच, ११३व्या अहवालात, सुचवलं होतं: माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना जखमी झाला, तर ती जखम पोलिसांनी केली असं न्यायालयाला मानता यावं. साधी गोष्ट आहे. बंद खोलीत काय झालं हे आत असलेल्यांनीच सांगावं. २०२३ साली अख्खा साक्ष कायदा नव्याने लिहिला, तेव्हाही हे कलम आलं नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, अनुमोदन अजून नाही. व्यवस्था बदलण्यासाठी काय मागायचं असं कोणी विचारलं, तर मी बाकी सगळं सोडून हे एक कलम मागेन.

राहिला पोटाचा प्रश्न. फक्त या कामावर पोट भरत नाही. माझं घर जमिनीच्या वाटण्या, चेक बाऊन्स आणि मोटार अपघात दाव्यांवर चाललं. सुरुवातीला ठाण्यातून येणारी कामं बंद होतात, जामिनाची, सुपूर्दनाम्याची म्हणजे जप्त वस्तू परत मिळवण्याची. दोन वर्षं त्रास झाला. एकदा माझी स्कूटर नो पार्किंगमधून आठवड्यात तीनदा उचलली. (ती तिन्ही वेळा खरंच नो पार्किंगमध्ये होती, हे कबूल केलं पाहिजे.) मग हळूहळू उलटं झालं. पोलिसांना कळलं, की ही बाई खोटी केस करत नाही आणि वर्तमानपत्रात नावं छापून आणत नाही, जे बोलायचं ते कोर्टात बोलते. हे मात्र कसोशीने पाळा. एका प्रकरणात जरी तुम्ही मार वाढवून सांगितलात, तरी पुढची दहा प्रकरणं त्याची किंमत मोजतात.

पाण्याच्या मोटारीच्या त्या प्रकरणानंतर सातेक वर्षांनी संध्याकाळी एक माणूस चेंबरमध्ये आला. साध्या कपड्यात होता, पण बूट पोलिसाचे. मी ओळखलं नाही, त्याने ओळख दिली. त्या दिवशी त्या मुलाला कोर्टात घेऊन आलेला हवालदार. मारणाऱ्यांत तो नव्हता, आणि चपलांबद्दलही तोंड उघडलं नव्हतं. आता त्याला निलंबित केलं होतं, बंदोबस्ताला गैरहजर राहिल्याबद्दल. त्याचं म्हणणं, की तो सलग तीस तास ड्युटीवर होता आणि साहेबांनी तोंडी सांगितल्यावरच घरी गेला. मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांचे सेवेतले वाद चालतात त्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायचं होतं. खिशातून घडी घातलेला निलंबनाचा आदेश काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, स्टेशन डायरीचा उतारा कसा मिळवायचा? मागितला तर देत नाहीत."

मी त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि कागद पुढे ओढून विचारलं, "ठाण्यातून निघालात तेव्हा किती वाजले होते?"